गाडी कायम उघड्यावर उभी असते. गारा, ऊन, पाऊस यांपासून वाचवायला कव्हर घालून खरंच फायदा होतो का?

कोणतं कव्हर घेता त्यावर आहे. घडी करून छोट्या पिशवीत मावणारं जे पातळ 'ऑल वेदर' कव्हर मिळतं, ते धूळ आणि उन्हासाठी ठीक आहे. गारांपुढे त्याचं काही चालत नाही.

माझीही गाडी उघड्यावरच असते. असंच एक चंदेरी, तीन थरांचं कव्हर घातलेलं असताना दहाएक मिनिटं गारा पडल्या. नंतर कव्हर उचलून पाहिलं, रंगावर एक ओरखडा नाही. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तिरपं पडलं होतं. काच पुसायला वाकलो, तर बोनेटमध्ये दिसणारं विजेच्या तारेचं प्रतिबिंब मध्येमध्ये वाकडं. मान खाली नेऊन मोजायला लागलो: बोनेटवर अकरा डेंट आणि टपावर त्याहून जास्त. इतके उथळ, की बोट फिरवून कळत नव्हते. पण एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना.

कारण साधं आहे. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतो. कापडामुळे घासणं थांबतं, म्हणून रंग वाचतो. पण पोचा पडतो तो धक्क्याने, आणि धक्का जिरवायला जाडी लागते. त्यात गारांचा हिशेब फार वाईट आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, शिवाय ती जास्त वेगाने पडते, त्यामुळे एकूण मार साधारण सोळापट बसतो. म्हणजे १ सेंटिमीटरची गार नुसती टणटण वाजून जाते, तर ४ सेंटिमीटरची तिच्या अडीचशेपटींहून जास्त जोराने आदळते. 'मागच्या वेळी गारा पडल्या तेव्हा काही झालं नाही' या आठवणीला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. मागच्या वेळी त्या बोराएवढ्या असतील. अमेरिकेच्या हवामान खात्याने २०१०मध्ये तीव्र गारपिटीची मर्यादा पाऊण इंचावरून १ इंचावर नेली, कारण खरं नुकसान त्या आकाराच्या आसपास सुरू होतं. तिथेच, साउथ डाकोटातल्या व्हिव्हियन गावात, त्याच वर्षी जुलैत ८ इंच व्यासाची गार पडली. तसली पडली तर कव्हर काय आणि गाडी काय!

गारांसाठीच घेणार असाल तर आत फोमचा थर असलेलं घ्या. निदान बोनेट, टप, डिकी आणि काचा यांवर तो हवाच. ५ ते १० मिलिमीटरचा, पाणी न पिणारा फोम असेल तर लहान-मध्यम गारांना चांगला पुरतो. दुकानात कव्हर पत्र्यावर ठेवून अंगठ्याने जोरात दाबून बघा. खालचा पत्रा अंगठ्याला लगेच टणक लागला, तर ते माझ्या पहिल्या कव्हराचंच भावंड समजा. अशी कव्हरं जड असतात, एकट्याने घालताना दमछाक होते, आणि ओली झाली की विचारूच नका. म्हणून मी माझं फोमचं कव्हर रोज घालत नाही. हवामान खात्याचा इशारा आला की रात्री घालतो. हवा भरून फुगणारी कव्हरंही येतात. ती याहून चांगली वाचवतात, पण फुगायला वेळ लागतो आणि पंप चालवायला वीज. आभाळ काळं झाल्यावर धावपळ करणाऱ्यांसाठी ती नाहीत.

आता रोजच्या कव्हराबद्दल, कारण गारांपेक्षा जास्त गाड्या कव्हरानेच खराब होताना मी पाहिल्या आहेत. धुळकट गाडीवर ढिलं कव्हर घाला आणि दोन दिवस वारा सुटू द्या. आतली धूळ सँडपेपरसारखी घासत राहते. दारांच्या कडा आणि आरशांची टोकं सर्वांत आधी पांढुरकी पडतात. तेव्हा माप अगदी गाडीचंच हवं, आरशांना खिसे हवेत आणि पोटाखालून बांधायचा पट्टा हवा. गाडी पुसायला वेळ नसेल त्या दिवशी कव्हर न घातलेलं बरं.

दुसरा त्रास ओलाव्याचा. ताडपत्रीसारखं प्लास्टिक पाणी आत येऊ देत नाही, तसंच आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. दमट दिवसांत आठवडाभर तसं ठेवलं तर रंगावर धुरकट डाग उमटतात, रबरांना वास येतो. कव्हर श्वास घेतं का, हे घरी कळतं: गरम पाण्याच्या कपावर ते कापड घट्ट धरा आणि वर काचेचा ग्लास पालथा घाला. थोड्या वेळात ग्लासात वाफ जमली तर ठीक. पाऊस थांबून ऊन पडलं, की कव्हर काढून गाडी आणि कव्हर दोन्हींना वारा लागू द्यावा. आणि गाडी चालवून आल्या आल्या घालू नका, सायलेन्सर तापलेला असतो. बाईकवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, त्यांचं कव्हर थेट त्याला चिकटून वितळतं.

गाडीवर काहीच नसताना गारांचा इशारा आला, तर जाड रजया किंवा फोमच्या गाद्या टपावर, बोनेटवर आणि मागच्या काचेवर पसरा. पुढची काच दोन थरांची असते, ती तडकली तरी जागेवर राहते. मागची बहुधा एकाच थराची असते, तिचा एका फटक्यात चुरा होतो. रजयांची टोकं दारांत अडकवा. रंगावरून दोरी आवळू नका, चिकटपट्टी तर मुळीच नको. रजयांऐवजी पुठ्ठा घालू नका, भिजला की त्याचा लगदा होतो. आणि गारा सुरू झाल्यावर हे करायला बाहेर पळू नका.

माझ्या गाडीवरच्या त्या डेंटचं पुढे काय झालं, तर रंग कुठेही तडकला नव्हता म्हणून मागून दांड्यांनी पत्रा हळूहळू वर दाबून ते काढता आले, रंगकाम करावं लागलं नाही. टपावरचे दोन राहिलेत, कारण तिथे आतून आडवी पट्टी आहे आणि दांडी पोहोचत नाही. विम्यातून खर्च मिळाला, पण तो सर्वसमावेशक पॉलिसी होती म्हणून. नुसत्या थर्ड पार्टीत हे बसत नाही. फोटो काढाल ते दुपारच्या उन्हात नको, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात काढा. दुपारच्या फोटोत माझी गाडी नवीकोरी दिसत होती.