तुम्ही विचारलंय: टर्मिनल (कमांड टाईप करायची काळी खिडकी) आणि शेल एकच का? आणि कंट्रोल-सी दाबलं की कॉपी न होता काम का बंद पडतं? शिवाय हे सगळं शिकायचं का, आणि लाईट गेली की सर्व्हरवरच्या कामाचं काय?

आधी तातडीचं सांगतो, उबुंटूच्या (लिनक्सचा एक प्रकार) टर्मिनलमध्ये कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी आणि पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही. नुसतं कंट्रोल-सी म्हणजे चालू प्रोग्रामला "थांब" असा सिग्नल, आणि ही पद्धत कॉपी-पेस्ट यायच्या आधीपासूनची आहे.

टर्मिनल न् शेल हे दोन वेगळे प्रोग्राम. खिडकी फक्त तुमची बटणं आत पोचवते आणि आतून आलेली अक्षरं मांडते, कमांड समजून घेणं वगैरे शेलकडे, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी बॅश नावाच्या शेलकडे. म्हणून टर्मिनलचं ॲप बदललं तरी कमांड त्याच चालतात, रंग-फॉन्ट तेवढे वेगळे.

पूर्वी टर्मिनल म्हणजे खरंच स्क्रीन-कीबोर्डचं वेगळं मशीन असायचं, तारेने मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेलं. डेक या कॉम्प्युटर कंपनीचं व्हीटी-१०० हे असंच टर्मिनल १९७८ चं, त्यावर ८० कॉलम आणि २४ ओळी, आणि आजही बरीच टर्मिनल उघडली की खिडकी त्याच मापाची येते. ही ॲप्स त्याचीच नक्कल करतात. तुम्ही लिहिलंय ना की मधेच सगळं गोठतं आणि काही टाईप होत नाही, तर सेव्ह करायच्या सवयीने तुमच्याकडून कंट्रोल-एस दाबलं जात असणार! त्या काळी पलीकडून येणारा मजकूर रोखून धरायला ते बटण होतं. कंट्रोल-क्यू दाबा, परत सुरू होतं, मशीन रिस्टार्ट करत बसू नका.

टर्मिनल शिकायचं का, तर रोज फायलींशी झटापट असेल तर हो, नाहीतर राहू द्या, जबरदस्ती नाही. मी नाशकात कांद्याच्या भावांच्या सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फायली सांभाळतो, दिवसाला एक फाईल, आता लासलगावच्या नोंदी किती हे काढायचं तर एक्सेलमध्ये एकेक फाईल उघडून जीव जाईल. इथे ग्रेप (शब्द शोधणारी कमांड), मग लासलगाव, मग स्टार डॉट सीएसव्ही (म्हणजे सगळ्या सीएसव्ही फायली), की सगळ्या फायलींतल्या त्या ओळी समोर, पुढे पाईपची उभी रेघ (एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देणारी) देऊन डब्ल्यूसी डॅश एल (ओळी मोजणारी कमांड) जोडलं की आकडाच येतो. आणि अख्खी कमांड पाठ नसली तरी चालतं, कंट्रोल-आर दाबून दोन-तीन अक्षरं मारा, जुनी कमांड सापडते. फाईलचं नाव अर्धवट टाईप करून टॅब दाबा, उरलेलं आपोआप भरतं.

राहिला सर्व्हरचा प्रश्न. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची सोय) लांबच्या मशीनवर काम लावलं आणि इकडे अंबडला लाईट गेली, राउटर बंद, की कनेक्शन तुटतं आणि चालू काम बहुतेक वेळा मधेच मरतं. म्हणून सर्व्हरवर शिरल्या शिरल्या टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करा आणि काम त्याच्या आत लावा, लाईट आली की परत लॉगिन करून टीमक्स अटॅच म्हणा, काम चालूच असतं.