नातवाला भेटता येईल का?

प्रश्न : मुलगा अपघातात गेला. वर्षश्राद्ध झालं आणि सूनबाई सहा वर्षांच्या नातवाला घेऊन नाशिकला माहेरी गेल्या. आता आमचा फोनही उचलत नाहीत. आम्ही साताऱ्यात. कायद्याने काही करता येईल का?
– एक आजी

उत्तर : काकू, आजी-आजोबांच्या भेटीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. वडिलांच्या माघारी आई हीच नैसर्गिक पालक. तरीही पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली अर्ज करता येतो. तो साताऱ्यात नव्हे, मूल राहतं त्या नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात. तिथे मुलाचं हित सर्वांत आधी पाहिलं जातं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडमुळे पोरक्या झालेल्या मुलाचा ताबा मावशीऐवजी आजी-आजोबांना दिला, पण तिथे आई हयात नव्हती. म्हणून तुम्ही ताबा मागू नका, भेट मागा : महिन्याचा एक रविवार, आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, दिवाळीचे दोन दिवस. नातवासोबतचे फोटो, तुम्ही भरलेल्या शाळेच्या फीच्या पावत्या जोडा. आणि कळकळीने सांगते, अर्जात सुनेबद्दल एकही वाकडा शब्द नको. तिचाही संसार मोडलाय. न्यायालयाने मध्यस्थीकडे पाठवलं, तर तुम्ही आणि काका दोघंही जा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.