लातूरमध्ये राहणाऱ्याने जुनी ॲडव्हेंचर टूरिंग मोटरसायकल कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: राहायला लातूर, उंची पाच फूट पाच इंच, हातात एक लाख साठ हजार. रोज पंचवीस-तीस किलोमीटर वावराकडे ये-जा, वहिनींना घेऊन कधीमधी तुळजापूर-नळदुर्ग, आणि एकदा तरी एकट्याने लडाख. हैदराबादला रॉयल एनफिल्डची एक हिमालयन स्वस्तात दिसतेय. ती घ्यावी, हिरोची एक्सपल्स घ्यावी, की थोडे पैसे वाढवून केटीएम?

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे कुणी अशी जुनी गाडी बघायला निघालं की बहुतेक वेळा मला सोबत नेतात, त्यामुळे बऱ्याच गाड्यांच्या पोटाखाली आडवा होऊन पाहिलेलं आहे. त्यावरून एक गोष्ट ठाम सांगतो. या जातीच्या गाडीत कोणतं मॉडेल हा दुसरा प्रश्न. ती आधी कुणी, कुठे आणि कशी चालवली, हा पहिला. तीस हजार किलोमीटर फिरलेली साधी शंभर सीसीची गाडी सगळीकडे साधारण सारखीच झिजलेली असते. इथे तसं नाही. एक हिमालयन धुळे-सोलापूर हायवेवर पाचव्या गिअरमध्ये तीस हजार पळलेली असते, दुसरी तेवढंच मनाली-स्पितीच्या दगडांत आपटलेली असते. मीटरवरचा आकडा दोघींचा एकच. आणि या गाड्या दिसायलाच दणकट असल्यामुळे मार लपतो. चार ओरखडे असले तरी ‘ॲडव्हेंचर गाडी आहे, एवढं चालायचंच’ म्हणून घेणारा सोडून देतो.

लोक गाडी बघायला गेले की आधी इंजिनाचा आवाज ऐकतात. ऐका, पण त्याआधी खाली बसा. इंजिनाखालच्या बॅशप्लेटवर चरे असणं ठीक आहे, ती त्यासाठीच असते. पण प्लेट आत दबून इंजिनाला किंवा फ्रेमच्या नळीला टेकली असेल, तर गाडी वजनासकट दगडावर बसलेली आहे. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि फ्रेमवर जिथे ते अडतं तो स्टॉपर बघा. तो चेपलेला, वाकलेला किंवा नव्याने वेल्डिंग केलेला दिसला तर गाडी जोरात पडली आहे, मालक काहीही सांगो. लिव्हरची टोकं, हँडलची टोकं आणि फूटरेस्टची बाहेरची कड याही पडल्याची साक्ष देतात. एका बाजूला नवी लिव्हर आणि दुसऱ्या बाजूला जुनी, असं असेल तर सरळ विचारा.

त्यानंतर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग. हिमालयनवर हे हमखास बघावं. मधल्या स्टँडवर गाडी घ्या, पुढचं चाक उचलून धरायला एकजण ठेवा आणि हँडल एका बोटाने हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं की कोनसेट गेला. खर्च फार मोठा नाही, पण तशी गाडी हायवेवर सरळ धरवत नाही आणि मालकाने ती तशीच चालवली असेल तर बाकीच्या देखभालीचा अंदाज तिथेच येतो. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवरून बोट फिरवा. तेलाचा ओला पट्टा म्हणजे सील गेलं, ते बदलता येतं. पण नळीवर बारीक खड्डे किंवा गंज असेल तर नवं सीलही टिकणार नाही. मागचं चाक धरून आडवं हलवा. खडखड वाटली तर स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं.

तारांच्या चाकाला एकेक तार पेनाने वाजवून बघा. ढिली तार बद्द वाजते. चाक फिरवून रिम आउट, म्हणजे वाकडी आहे का ते ब्रेक कॅलिपरजवळ डोळा लावून बघायचं. अलॉय चाक असेल तर रिमच्या कडेवरून आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवा, खड्ड्यात आपटलेल्या अलॉयला कडेवर चपटा भाग सापडतो. ठोकून सरळ केलेलं अलॉय मी कुणाला घेऊ देत नाही.

सीट काढायला लावा. सामानाचे डबे लावून फिरलेल्या गाडीचा मागचा सबफ्रेम, म्हणजे सीटखालचा सांगाडा, जिथे कॅरिअर बसतं तिथे तडकतो. वेल्डिंगचा ताजा डाग आणि त्यावर काळा स्प्रे दिसला तर ती गाडी सोडा. तिथेच वायरिंगही दिसतं. जादा दिवे रिलेशिवाय, मूळ वायर सोलून जोडलेले असतील तर पुढे बॅटरी उतरण्याची आणि गाडी मधेच बंद पडण्याची डोकेदुखी विकत घेताय.

आणि एअर फिल्टर. आपल्या भागात हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी बघितलं जातं. उन्हाळ्यात पांदण रस्त्यावर आणि कामं चालू असलेल्या रस्त्यांवर धूळ पिठासारखी बारीक होते. फिल्टर मळलेला असणं चालेल. पण तो काढल्यावर आतल्या बाजूला, इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडाशी धूळ दिसली, तर ती धूळ सिलिंडरमध्ये गेली आहे आणि रिंगा-बोअर घासले गेले आहेत. मग गाडी कितीही चकचकीत असो. याची खूण चालवतानाही मिळते: चढावर गॅस सोडून पुन्हा दिल्यावर मागे निळसर धूर.

इंजिनाचं एवढंच पाळा की गाडी थंड हवी. पोहोचल्या पोहोचल्या इंजिनाला हात लावून बघा. गरम लागलं तर ‘चहा घेऊन येतो’ म्हणा आणि तासाभराने परत या, कारण सुरू व्हायला त्रास देणारी गाडी मालक आधीच तापवून ठेवतो. चावी फिरवली की एबीएसचा आणि इंजिनाचा दिवा लागलाच पाहिजे. इंजिनाचा दिवा गाडी सुरू झाल्यावर आणि एबीएसचा थोडं पुढे गेल्यावर विझतो. चावी देऊनही दिवा लागतच नसेल तर बिघाड लपवायला तो बंद केलेला असू शकतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर आपल्या उन्हाने कडक झालेलं असतं, त्याचे पैसे भावातून कमी करून घ्या. मागच्या स्पॉकेटवरून (चेनच्या दातेरी चक्रावरून) चेन मागे ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्पॉकेट नवं.

आता मॉडेल. तुमच्या बजेटमध्ये हिमालयन ४११ आणि एक्सपल्स २०० या दोन खऱ्या निवडी आहेत. हिमालयन २०१६ ला आली. सुरुवातीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी नको. घ्यायची तर २०२० नंतरची बीएस ६ (धुराच्या नव्या नियमातली). ताकद साधारण २४ बीएचपी, टाकी १५ लिटर, सीट ८०० मिलिमीटर, म्हणजे तुमचे पाय नीट टेकतील. अडचण वजनाची, पेट्रोलसह २०० किलोच्या जवळ. हायवेवर हे वजन बरं वाटतं, काळ्या रानात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपली चिकण माती टायर आणि खालच्या मडगार्डच्या मधे भरून चाक जागेवर धरते हे तुम्हाला सांगायला नको. हिमालयनला चोचीसारख्या वरच्या मडगार्डशिवाय टायरला लागून दुसरं मडगार्ड असतं, तिथेच हा गारा अडकतो. एकटा माणूस बांधाजवळ पडलेली ती गाडी उचलताना घाईला येतो.

एक्सपल्स त्याच कामाला चाळीसेक किलो हलकी. २०१९ ला आली, २०२० च्या बीएस ६ मध्ये ऑइल कूलर मिळाला, २०२१ च्या शेवटी चार व्हॉल्व्हचं ४व्ही इंजिन आलं, १९ पीएसचं (पीएस आणि बीएचपी जवळपास एकच). आपल्या बेचाळीस अंशांच्या उन्हात ऑइल कूलर असलेली घ्या आणि जमलं तर ४व्हीच. सीट ८२० मिलिमीटरच्या थोडी वर आहे, तुमच्या उंचीला पंजे टेकतील, आणि हलकी असल्यामुळे तेवढं पुरतं. रॅली किट (लांब शॉकअपचा जादा संच) लावलेली मात्र नको, ती बरीच उंच होते. नांदेड-लातूर चौपदरीवर ती ऐंशीच्या आसपास खुशीत राहते. त्यापुढे ओढून चालवायची गाडी नाही.

केटीएम ३९० ॲडव्हेंचर मला मनापासून आवडते. ४३ पीएस, गाडी उडते. पण सीट ८५५ मिलिमीटर, रेडिएटर, महागडे पार्ट आणि तुमच्या पैशात मिळेल ती बहुधा दमलेली. दमलेली केटीएम घेण्यापेक्षा न घेतलेली बरी. बीएमडब्ल्यू जी ३१० जीएसची टाकी अवघी ११ लिटरची आणि सर्व्हिससाठी लातूरहून मोठ्या शहराकडेच बघावं लागतं. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ ला आलेली, तब्येतीने फार चांगली गाडी, १९ इंची पुढचं चाक, ट्यूबलेस. वावराचं काम नसतं तर तिचं नाव आधी घेतलं असतं. तुमच्या पैशात चांगली मिळाली तर जरूर बघा.

ट्यूबलेसवरून आठवलं. हिमालयन ४११ आणि एक्सपल्स दोन्हींना ट्यूब आहे. वेड्या बाभळीच्या काट्याने पंक्चर झालं तर चाक खोलावं लागणार. पण ट्यूबचं पंक्चर काढणारा प्रत्येक एसटी स्टँडसमोर बसलेला असतो आणि वाकलेली तारांची रिम तालुक्याचा मिस्त्रीही सरळ करतो. आपल्याकडे मी याला कमीपणा मानत नाही.

तर माझं मत एक्सपल्स ४व्ही, कारण वर्षभर ती वावरात जाणार आहे. लडाख पंधरा-वीस दिवसांचं. तिथे खारदुंग ला चढताना हवा विरळ होऊन ताकद कमी होईल, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढाल, पण चढाल. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाजवळची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. १३ लिटरची टाकी आणि लिटरला चाळीसच्या आसपास ॲव्हरेज धरलं तर तेवढं अंतर निघतं, तरी पाच लिटरचा कॅन सोबत हवाच. आणि हिरोचं सर्व्हिस सेंटर लातूरपासून लेहपर्यंतच्या वाटेवर बहुतेक मोठ्या गावांत सापडतं. उरलेल्या पैशांतून पंचवीस-तीस हजार बाजूला ठेवा: टायर, चेन-स्पॉकेट, ब्रेक पॅड, सगळी तेलं, आणि एक चांगलं हेल्मेट व जॅकेट. हे सगळं लागतंच.

असं असलं तरी ओळखीतली, एकाच मालकाची, सर्व्हिसची नोंद पूर्ण असलेली बीएस ६ हिमालयन समोर आली आणि एक्सपल्स कुणाची ते ठाऊक नसलेली, तर हिमालयन घ्या. नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर जुनी नोंद विचारता येते. मालकाला सोबत नेलं तर सहसा दाखवतात. दोन सर्व्हिसच्या मधे मीटर मागे गेलेलं असेल तर तिथेच कळतं.

हैदराबादच्या गाडीबद्दल. किंमत कमी दिसते, पण हिशेब पुरा करा. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागेल. मग लातूरचा एमएच २४ चा नंबर घेताना महाराष्ट्राचा रस्ता कर पुन्हा भरावा लागेल. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, तरी भरावा लागतोच. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मूळ मालकाच्या नावाने मागायचा असतो, तो मिळण्यावर विसंबून सौदा करू नका. दुसऱ्या राज्याचा नंबर ठेवून बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे चालवणं कायद्यात बसत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. आरसीवरचे चासी आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर वाचून ताडून घ्या, एमपरिवहन या सरकारी ॲपवर चलनं बघा. गाडी २०२० ची असेल तर खरेदीवेळचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा संपलेला असणार. विमा पूर्ण असला तरी जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो.

आणखी एक. हिमालयन भाड्याने देणारे भरपूर आहेत. अशा गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात आणि नंतर त्या खासगी करून विकल्या जातात. आरसीच्या इतिहासात वाहनाचा प्रकार बदललेला दिसला तर किती जणांनी, कशी चालवली याचा पत्ता लागणार नाही. मी ती घेणार नाही.

म्हणून हैदराबादची बस धरण्याआधी त्या माणसाकडून व्हिडिओ मागवा: थंड इंजिन सुरू करतानाचा, बॅशप्लेटचा खालून, हँडल वळवून स्टॉपरचा, सीट काढून सबफ्रेमचा आणि फिल्टर काढून आतल्या तोंडाचा. द्यायला कुरकुर केली तर जाऊ नका. दिले तर फोटो काढून इथे खाली टाका, नंबरप्लेट झाकून. मी बघून सांगतो.