विमान उतरताना उंची कशी कळते?

प्रश्न: आमचं शेत नागपूर विमानतळाकडे येणाऱ्या विमानांच्या वाटेखाली आहे. कपाशी वेचताना विमान अगदी डोक्यावरून जातं. आपण किती उंचावर आहोत, हे वैमानिकाला नेमकं कसं कळतं? – एक वाचक, नागपूर जिल्हा

उत्तर: मुख्य उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. दाब सतत बदलतो, म्हणून उतरण्याआधी विमानतळाकडून कळलेला त्या वेळचा दाब त्यात लावावाच लागतो. घात होतो तो इथेच. दाब १००३ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) असताना मापकात उंचावर उडताना लावलेला १०१३ चा प्रमाण आकडा तसाच राहिला, तर तो जवळपास ३०० फूट जास्त उंची दाखवतो. विमान प्रत्यक्षात तेवढं खाली असतं! म्हणून दोन्ही वैमानिक आकडा मोठ्याने म्हणून एकमेकांचे मापक ताडून पाहतात.

हा मापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, आणि नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फुटांवर आहे. ३ अंशांच्या उतारावर धावपट्टीपासून ९ किलोमीटरवर मापकात २,६०० च्या आसपास आकडा हवा. फरक दिसला की लगेच बोलायचं, गरज पडली तर पुन्हा वर जायचं.

जमिनीपासून सुमारे २,५०० फुटांखाली रेडिओ उंचीमापकही जोडीला येतो. तो थेट खालच्या जमिनीपासूनचं अंतर मोजतो, त्यामुळे नाला किंवा टेकाड आलं की आकडा उडी मारतो. त्याचा खरा उपयोग धावपट्टीवर: ‘पन्नास, तीस, दहा’ असा आवाज त्याच्याच मोजणीवरून येतो.