कुंपणावरची द्राक्षवेल पानांनी माजलीय, पण घड लागत नाहीत. काय करावं?

चार-पाच वर्षांच्या वेलीचं असं झालं, तर बहुतेक वेळा एप्रिलची खरड छाटणी (काड्या बुडापाशी आखूड कापणं) राहिलेली असते. नाशिक-सांगलीकडे छाटणी दोनदा होते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. कुंपणावरही तेच करायचं.

खोडापासून दोन्ही बाजूंना एकेक ओलांडा (कायम ठेवायची फांदी) तारेवर आडवा बांधा. सुतळी सैल ठेवा, नाहीतर खोड जाड होताना ती सालीत रुतते. बाकीच्या आडदांड फांद्या काढून टाका. एप्रिलमध्ये ओलांड्यावरची प्रत्येक काडी एक डोळा (जिथून फूट निघते तो कोंब) राखून कापा. नवे फुटवे चार बोटांवर एक ठेवून बाकीचे खुडा, सातव्या पानावर शेंडा मारा आणि वरची एक बगलफूट (पानाच्या बगलेतून निघणारी फूट) वाढू द्या. पुढचा घड डोळ्यात याच काळात धरतो, तोही काडीवर ऊन पडलं तरच. इथं दाटी झाली की ऑक्टोबरमध्ये घडाऐवजी नुसती बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू) निघते.

ऑक्टोबरची छाटणी पेन्सिलीएवढ्या जाड, तपकिरी काडीवर, बगलफूट जिथून निघाली त्या गाठीपुढे एक-दोन डोळे राखून.

खत: खरड छाटणीला दहा किलो कुजलेलं शेणखत, खोडापासून दीड फुटावर चर काढून. नत्र पहिल्या चाळीसेक दिवसांतच, मग स्फुरद, काडी पिकताना पालाश. पालाश सल्फेट ऑफ पोटॅशमधूनच द्या, म्युरेट ऑफ पोटॅशमधलं क्लोराइड द्राक्षाला सोसत नाही. ऑगस्टमध्ये मूठभर युरिया टाकण्याचा मोह मात्र आवरा. कोवळी फूट निघते आणि पावसात तिच्यावर केवडा हा बुरशीरोग आलाच समजा. आधीच १ टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारा.