झाबुआत आठ दिवस सेवेला जाताय? आधी तारीख बदला

तुमचा प्रश्न असा: इंदूरच्या तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाची 15 मुलं दिवाळीनंतर झाबुआकडच्या एका गावी आठ दिवस सेवेला जाणार, शाळेला रंग, जुन्या कपड्यांचं वाटप आणि एक आरोग्य शिबिर करणार. यातून गावाला काही मिळतं, की आपल्यालाच बरं वाटतं? आहे असाच बेत राहिला तर आपल्यालाच बरं वाटतं, तेही महिनाभर. पण बेत बदलता येतो.

दिवाळी झाली की झाबुआ-अलीराजपूरकडे घरांना कुलपं लागतात. लोक बांधकामाला, शेतमजुरीला गुजरातेत जातात, काही इंदूरलाच येतात, आणि भगोरियाच्या हाटांना, म्हणजे होळीच्या आठवड्यात, परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. गावात काय हवं, काय नको हे सांगणारं माणूसच तेव्हा सापडत नाही. पेरणी-निंदणी उरकल्यावर आणि मका सोंगायच्या आधी थोडी उसंत असते, तेव्हा जा. नेमके दिवस गावालाच विचारा, आणि भिली बोलणारा माणूस रोजंदारी देऊन सोबत घ्या. म्हाताऱ्यांशी नुसत्या हिंदीवर फार पुढे जाता येत नाही.

आता श्रमदान. गावाला हातांची टंचाई नाही. भिल्लांत हलमा नावाची रीत आहे: एकाच्या अडचणीला सगळे बिनमजुरीनं धावतात. झाबुआच्या हाथीपावा टेकडीवर पाणी अडवायचे चर गैत्या, म्हणजे टिकाव, घेऊन आलेल्या गावकऱ्यांनी असेच खणले. त्यांच्यापुढे कॉलेजची पोरं कुदळ घेऊन उभी राहिली, तर हसू कुणाला येईल? हिशोबही करून बघा. माणशी 3,500 रुपये खर्च धरला तर 15 जणांचे 52,500 होतात. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी 2024-25 साली 243 रुपये होती. त्या दरानं एवढ्या पैशांत गावातल्याच 27 जणांना आठ दिवस काम मिळतं. परदेशी मंडळ्यांचं गणित याहून वाईट आहे. 1998च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांनी जाऊन घरं बांधली. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञानं पाहिलं, तर प्रवास धरून एक घर साधारण 30,000 डॉलरला पडत होतं आणि स्थानिक संस्था तसंच घर 2,000 डॉलरच्या आसपास बांधत होती. गेलेल्यांच्या दानधर्मात किंवा जगण्यात टिकाऊ फरकही व्हर बीकला फारसा दिसला नाही.

रंगाचं म्हणाल तर आधी छत पाहा. पावसात झिरपणाऱ्या भिंतीत ओल असते. तिच्यावर डिस्टेंपर मारला की वरचा थर फुगतो आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात. आधी गळती बंद, मग भिंत पूर्ण वाळू द्यायची, तारेच्या ब्रशनं खरवडायची, प्रायमर, आणि मग दोन हात. आठ दिवसांत हे बसत नाही, म्हणून प्रायमर गाळला जातो. पैसे शाळा समितीला द्या, हाटाच्या गावचा पेंटर बोलवा.

हातपंपाची दुरुस्ती शिकवायचं काम तुमच्या बेतात नाही, पण मला ते आवडतं, कारण ते मागे उरतं. पण उघडण्यापूर्वी पंचायत आणि पीएचई, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा विभागाला कळवा, आणि पाणी तपासा. झाबुआ-धार पट्ट्यात भूजलात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम ही मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यानं वाढतं. हे न पाहता बंद पंप हौसेनं चालू केला, तर पोरांच्या दातांवर डाग आणि पुढे हाडांचं दुखणं तुमच्या नावावर. पाणी ठीक निघालं तर गावातल्या दोघांना, त्यात एक बाई हवीच, साखळीला ग्रीस आणि बोल्ट आवळणं शिकवा, पाने तिथेच ठेवा. चार-सहा वेळा दांडा मारूनही पाणी येत नसेल तर बहुधा खालचा व्हॉल्व्ह गळतोय. त्यासाठी पाइप वर काढावे लागतात, ते विभागाच्या मिस्त्रीचं काम.

शिबिराचा नियम एकच: पाच दिवसांच्या गोळ्या वाटून निघायचं नाही. रक्तदाबाची गोळी रोजची असते, ती सहाव्या दिवशी संपली तर रुग्णाला वाटतं आपण बरे झालो. उपकेंद्राच्या नर्सताईंना आधी भेटा, नोंद त्यांच्या रजिस्टरमध्ये करा, गोळ्याही तिथूनच चालू करा. गुजरातेत क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत राबून आलेल्याचा खोकला टीबीच असेल असं धरू नका, तो सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजारही असतो. त्याला कामाचा इतिहास विचारा आणि लिहून ठेवा. भरपाईच्या अर्जाला तोच कागद लागतो.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. 2021च्या मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियमात प्रलोभन दाखवून धर्मांतर करायला बंदी आहे, आणि ‘प्रलोभन’ या शब्दात भेटवस्तू आणि इतर लाभही येतात. म्हणून कपडेवाटप आणि प्रार्थनासभा एकाच दिवशी, एकाच मांडवात ठेवू नका. तक्रार झाली तर तुम्ही इंदूरला परत आलेले असता, ठाण्याच्या चकरा गावातल्या दोन-तीन ख्रिस्ती घरांना माराव्या लागतात. सरपंच आणि ठाणं, दोघांना आधी लेखी कळवा. परदेशी पाहुणे पर्यटक व्हिसावर असतील तर त्यांना नेऊच नका, मिशन कामाचा व्हिसा वेगळा असतो. गावाकडच्या वसतिगृहातल्या मुलांचे फोटो चर्चच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. आणि दर वर्षी नवा गट, नवा जिव्हाळा, आठव्या दिवशी टाटा, हे त्या मुलांशी करू नका.

राहिली तुमची मुलं. त्यांच्यात फरक पडतो तो परतल्यानंतरच्या कामानं. मध्य प्रदेशातल्याच उदयनगरला राणी मारिया या कॅथलिक सिस्टर आल्या 1992 साली. सावकाराच्या पाशातून लोकांना सोडवण्याच्या कामात त्या तिथेच राहिल्या, म्हणून 1995 साली त्यांचा खून झाला. कुणी तेवढं करावं असं नाही, पण ते काम राहण्यातून झालं. तुमच्या मुलांना तर दूर जायचीही गरज नाही. दिवाळीनंतर तीच कुटुंबं इंदूरच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत असतात. 15 जणांऐवजी तिघांना गावी पाठवा, बाकीच्यांनी रविवारी उपासनेनंतर साइटवर जायचं. ठेकेदाराला आधी विचारायचं. गावचं राशनकार्ड आधारला जोडलेलं असेल तर इथल्या कंट्रोलच्या दुकानातही धान्य मिळतं. बरोबर जाऊन अंगठा लावून द्या, कारण पहिल्यांदा दुकानदार बहुतेक ‘गावीच घ्या’ म्हणून परत पाठवतो. पाच वर्षांखालच्या मुलांचं लसीकरण कार्ड पाहून राहिलेल्या डोसची तारीख जवळच्या अंगणवाडीत विचारून या.