यकृतात चंद्र कुठून आला?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला जाणार आहे. तिच्याबरोबर मीही चिनी अक्षरं गिरवते. 'उजेड' या अक्षरात चंद्र आहे हे पटलं. पण यकृत, फुप्फुस, जठर या सगळ्यांतही तोच चंद्र! कानासारखी एक खूण तर कधी डावीकडे असते, कधी उजवीकडे. हे रॅडिकल, म्हणजे अक्षरांतल्या या ठरावीक खुणा, नुसते पाठच करायचे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, यकृतात दिसतो तो चंद्र नाहीच. तो मांसाचा तुकडा आहे.

हाडांवर कोरलेल्या सर्वांत जुन्या लिपीत चंद्र म्हणजे कोर आणि मांस म्हणजे बरगड्यांच्या रेघा असलेला तुकडा. पुढे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजघराण्याच्या काळात कारकुनांच्या कुंचल्याखाली गोलाई मोडली, रेघा सरळ झाल्या आणि दोन्ही आकार एकाच साच्यात बसले : दोन उभे पाय, आत दोन आडव्या रेघा, खालून मोकळं. 'मांस' हे अक्षर एकटं लिहिताना आजही वेगळं दिसतं. दुसऱ्या अक्षराचा भाग झालं, की मात्र ते चंद्राचं रूप घेतं. तैवानमध्ये हा फरक अजून जपतात. तिथे मांसाच्या खुणेत आडव्या रेघांऐवजी एक ठिपका आणि एक वर चढणारी रेघ असते.

मग ओळखायचं कसं? आधी जागा बघा. खूण उजवीकडे असेल तर बहुधा चंद्र : उजेडात डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र. डावीकडे किंवा तळाशी असेल आणि अर्थ शरीराचा असेल, तर मांस. यकृताला 'गान' म्हणतात. डावीकडचं मांस सांगतं, हा देहाचा भाग आहे; उजवीकडचं चिन्ह फक्त 'गान' हा उच्चार देतं. बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच बनली आहेत, एक भाग अर्थाचा, एक उच्चाराचा. जठराच्या आणि मूत्रपिंडाच्या अक्षरांत मांस तळाशी बसतं. मुलीला शरीररचनेच्या पुस्तकात ही खूण पानोपानी भेटेल. ती चंद्र म्हणून पाठ केली, तर प्रत्येक अवयव तिला कोडं वाटेल.

१७१६ च्या कांग्शी या चिनी शब्दकोशात अक्षरं शोधायला २१४ रॅडिकल आहेत आणि त्यात चंद्र व मांस हे वेगवेगळे विभाग आहेत. आजचे चीनमधले बरेच कोश मात्र यकृत सरळ चंद्राखाली देतात. शोधायला ते सोपं असेल, पण शिकणाऱ्याचं त्यात नुकसान आहे असं माझं ठाम मत आहे. माझ्या सात रस्त्याजवळच्या शिकवणीत मी मुलांना दोन्ही खुणा वेगळ्या वहीपानांवर लिहायला लावते.

आता कान. चिनी शाळांतही या खुणेला डावा कान, उजवा कान असंच म्हणतात, पण दोन्हींचा कानाशी संबंध नाही. डावीकडची खूण म्हणजे टेकाड, पायऱ्यापायऱ्यांचा चढ. म्हणून ती टेकडी, धोका, डोंगराची उन्हाची बाजू, सावलीची बाजू या अक्षरांत येते. उजवीकडची म्हणजे वस्ती. तिच्या जुन्या रूपात वर गावाची चौकट आणि खाली गुडघे टेकून बसलेला माणूस असायचा. म्हणून ती राजधानी, शहराबाहेरचा भाग, टपाल यांत दिसते. इस्पितळाला 'यी-युएन' म्हणतात. त्यातल्या 'युएन'मध्ये डावा कान आहे, कारण युएन म्हणजे टेकाडासारख्या उंच भिंतीने वेढलेलं आवार. हे अक्षर मुलगी रोज दारावर वाचेल.

आणखी एक जोडी सोलापूरकरांनी तरी चुकवू नये. देवाधर्माच्या खुणेला उजवीकडे एक फटकारा, कापडाच्या खुणेला दोन. पहिली होती नैवेद्याची वेदी, दुसरी अंगरखा. देव आणि पूर्वज पहिल्या गटात. बाही, विजार आणि पांघरूण दुसऱ्यात. एका फटकाऱ्याने चादर देवघरात जाते! तशीच आजाराची खूण बघा. छपराच्या खुणेला डावीकडे दोन छोट्या रेघा जोडल्या, की खाटेवरचा आजारी माणूस होतो. दुखणं, कर्करोग, सगळे त्याच्या आत.

सरावाला आपल्याच गावचं नाव घ्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचं चिनी नाव 'क दीह्वा'. 'क' आणि 'दी' या दोन्ही अक्षरांत डावीकडे लाकडाची खूण आहे. तिच्या माथ्यावर एक तिरकी रेघ पडली तर ते धान्य होईल, तेव्हा हात जपून चालवा. 'ह्वा' म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ते आहे. कोटणीस स्वतः लिहीत असतील त्या काळच्या 'ह्वा'च्या डोक्यावर गवताची खूण होती, कारण मुळात ते फुलाचं अक्षर. १९५६ पासूनच्या सोप्या लिपीत ते गवत गेलं. वर 'ह्वा' उच्चाराचं दुसरं चिन्ह आलं आणि खाली दहाचा आकडा. त्यामुळे मुलीच्या कोशात हे अक्षर गवताखाली शोधू नका, 'दहा'खाली मिळेल.